आडव्या चितीचा पाया

चिती सरांना कुठलीही वस्तू उभी बघवत नसे. खोलीत आले की आधी तिथली एखादी वस्तू उचलायची, आडवी ठेवायची आणि मग बोलायला सुरुवात करायची. खडूची पेटी, काडेपेटी, वीट, काहीही चालायचं. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांचा थर्मास त्यांनी असाच टेबलावर आडवा केला. बूच सैल होतं. साहेबांचा चहा हजेरीपटावरून वाहत मुख्याध्यापकांच्या धोतरापर्यंत गेला, आणि सर शांतपणे म्हणाले, "आता बघा साहेब, हा थर्मास वेगळाच दिसायलाय का न्हाई?" साहेबांना वेगळं काही दिसलं असेल असं वाटत नाही. शेरा मात्र त्यांनी वेगळा लिहिला.

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं. जिंतूर तालुक्यातल्या त्या डोंगराकडच्या गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत, ते आठवी-नववीला भूमिती शिकवत. पिशवीत भाकरीच्या फडक्याशेजारी बाभळीच्या लाकडाची एक त्रिकोणी चिती असायची. दोन्ही टोकांना सारखे त्रिकोण आणि मध्ये तीन सपाट बाजू, कौलारू घराच्या छपरासारखी. गावातल्या सुताराकडून करवून घेतलेली, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली. तिच्यावरून पोरांनी त्यांना चिती सर केलं, आणि पोरांनी ठेवलेलं नाव मास्तरांच्या खोलीत यायला आठ दिवससुद्धा लागत नाहीत.

घनफळाचं सूत्र आमच्या वेळी सगळ्यांनीच घोकलेलं आहे: पायाचं क्षेत्रफळ गुणिले उंची. पोरं ते धडाधड म्हणायची. मग सर ती चिती टेबलावर आडवी ठेवत आणि विचारत, "आता पाया कुठाय?" पोरं हमखास खालच्या आयताकडे बोट दाखवायची. सर मान हलवत. "खाली हाय म्हणून पाया होत न्हाई बाबांनो. दोन्ही टोकाला जे सारखं हाय, तो पाया. मग ते खाली असू द्या, न्हाईतर बाजूला असू द्या." हे वाक्य ते वर्षातून शंभर वेळा बोलत. मला तेव्हा त्याचा कंटाळा यायचा.

पृष्ठफळ शिकवताना ते जुनं वर्तमानपत्र आणि कात्री द्यायचे. चितीला कागद असा गुंडाळायचा की कागद उरता कामा नये आणि लाकूड उघडं राहता कामा नये. पाच तुकडे लागतात, दोन त्रिकोण आणि तीन आयत. निम्म्या पोरांचे चारच व्हायचे, एक त्रिकोण राहून जायचा. सर त्यांच्या हाताकडे बघून हसत. "ज्या बाजूनं धरलंय तीच मोजायची राहती. हात काढा की जरा." कुणाला मारताना मी त्यांना पाहिलं नाही. त्या काळच्या मराठवाड्यात भूमितीच्या मास्तरानं मारू नये, ही लोकांना जरा संशयाची गोष्ट वाटायची.

ते पूर्णेचे. वडील रेल्वेत गँगमन होते, रुळाखालच्या खडीचे ढीग रचायचे. छप्पन सालानंतर ज्या घरांनी बुद्धाची वाट धरली त्यांतलं हे घर. चिती सर त्या घरातले पहिले मॅट्रिक आणि पहिले मास्तर. आमच्या गावात ते आले तेव्हा त्यांना खोली मिळाली नाही. नाही असं कुणी म्हणालं नव्हतं, फक्त कुणाची खोली रिकामी नव्हती. मग शाळेत नकाशे आणि मोडकी बाकं ठेवायच्या खोलीत त्यांनी खाट टाकली आणि तिथंच सहा वर्षं काढली. बायको आणि लहान लेक पूर्णेला. शनिवारी दुपारी एसटीनं जायचे, रविवारी परत यायचे.

मी परभणीचा, नुकताच बी.एस्सी. झालेला, बावीस वर्षांचा. आल्या आल्या मला पाटलाच्या वाड्याशेजारी हवेशीर खोली मिळाली, आणि ती माझ्या पदवीमुळं मिळाली असा माझा प्रामाणिक समज होता. चिती सर नुसते मॅट्रिक आणि ट्रेंड, म्हणजे मास्तरकीचा कोर्स केलेले. पण पोरं अडली की त्यांच्याकडे जायची. माझ्याकडे यायची ती प्रयोगशाळेची किल्ली मागायला. मला ते खुपायचं, खोटं कशाला बोलू. त्यांच्या आडव्या वस्तूंची नक्कल करून मी मास्तरांच्या खोलीत हशा पिकवायचो. ते आत आले की हशा थांबायचा, आणि ते काही न ऐकल्यासारखी एखादी काडेपेटी आडवी करायचे.

गावात धनगरांची वीसेक घरं होती. बहात्तरच्या दुष्काळात त्यांच्या मेंढ्या चाऱ्यावाचून मेल्या, उरलेल्या मिळेल त्या भावात विकल्या गेल्या. चार वर्षं पै पै साठवून, मजुरीची पाटी उचलून त्यांनी पुन्हा कळप उभे केले होते, आणि नेमकी त्या वर्षी मेंढ्यांना गोचीड आणि खरूज लागली. लोकर झडायला लागली, कोकरं वाळायला लागली. तेव्हा सरकारी योजनेतून गावाबाहेर मेंढ्या बुडवून काढायचा हौद बांधला. लांबट चर, दोन फूट रुंद. एका टोकाला मेंढीला आत ढकलायचं, औषधाच्या पाण्यातून ती पोहत जाते आणि दुसऱ्या टोकाला उतार चढून बाहेर येते. या हौदाच्या गिलाव्याचा हिशोब चिती सरांनीच करून दिला होता. मिस्त्रीनं वरची बाजूही धरून सिमेंट मागितलं, तेव्हा सर म्हणाले, "हौदाला झाकण घालायलाव का मिस्त्री?" वाचलेल्या सिमेंटमधून शाळेची पायरी नीट झाली.

जनावरांचे डॉक्टर शनिवारी सायकलवरून आले. औषधाचे डबे आणि एक चिठ्ठी ठेवून दुसऱ्या गावाला गेले. चिठ्ठीत लिहिलं होतं: बारा घनफूट पाण्याला एक माप, जास्त नको, विषारी आहे. मेंढ्यांना आधी पोटभर पाणी पाजावं. काम दुपारच्या आत उरकावं. चिती सर पूर्णेला गेलेले. धनगरांचा म्होरक्या भिवाजी चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आला. "मास्तर, तुमी बी.एस्सी. हाव. येवढं बगून द्या," म्हणाला. मला किती बरं वाटलं ते आजही आठवतं. मी टेप घेऊन गेलो. बायकांनी विहिरीवरून घागरी आणून डांबराच्या रेघेपर्यंत हौद भरला होता. मी पाण्यावरून लांबी मोजली, चोवीस फूट. रुंदी दोन. काठी बुडवून खोली, चार. चोवीस दुणे अठ्ठेचाळीस, चोक एकशेब्याण्णव. भागिले बारा, सोळा. सोळा मापं माझ्या देखत पाण्यात पडली, आणि पाणी दुधासारखं पांढरं झालं.

रविवारी सकाळी हौदाजवळ सगळी धनगरवस्ती जमली होती. वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, दोनशेवर मेंढ्या बेंबटत होत्या. मी वही काखेत मारून हौदाच्या डोक्याशी उभा होतो. तेवढ्यात फाट्यावर एसटी थांबली आणि चिती सर पिशवीसकट सरळ इकडेच आले.

"किती मापं टाकली?" त्यांनी विचारलं.

"सोळा."

ते हौदाच्या लांबीवरून नजर फिरवत उताराच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. हळू आवाजात, मला एकट्यालाच ऐकू जाईल असं म्हणाले, "सर, पाया कुठला धरला?"

"तळ."

"तळ केवढाय?"

मी वही उघडली. तळाचा आकडा तिथं नव्हता.

"मेंढ्या भायेर कशा येत्यात?"

त्याच क्षणी मला कळलं. मेंढ्या उतारावरून बाहेर येतात. हौद बांधताना मी पाहिला होता, वर चोवीस फूट आणि तळाला सहाच फूट. म्हणजे ती आडवी पडलेली चिती आहे, तिचा पाया खाली नाहीच, तो बाजूच्या भिंतीवर आहे. चोवीस आणि सहाची सरासरी पंधरा, पंधरा चोक साठ, साठ दुणे एकशेवीस. मापं हवी होती दहा. पाण्यात होती सोळा. हे सगळं माझ्या डोक्यात पापणी लवायच्या आत झालं. बी.एस्सी. उगीच झालो नव्हतो.

आणि मी म्हणालो, "मी मोजलंय, सर."

का म्हणालो? भिवाजी बघत होता, बायका बघत होत्या, माझ्या वर्गातली चार पोरं बघत होती. मनाला मी सांगितलं की जरा जास्त झालं तर गोचीड जास्त मरतील. माणूस स्वतःला काय काय सांगतो त्याला सुमार नाही.

सरांनी शेजारची काठी उचलली आणि उतार तपासायला पाण्यात घालायला वाकले. गर्दीतून एक पोरगेला आवाज आला, "हौदाला तुमी हात लावू नगा मास्तर."

बोलणाऱ्याला नवीन काही बोललो असं वाटलंही नसेल. विषाचं पाणी, मेंढ्यांसाठी भरलेलं, तरी पाणी ते पाणी. सर सरळ झाले. काठी जमिनीवर ठेवली आणि एक पाऊल मागे सरले. त्यांचा चेहरा मला दिसत होता. त्यावर राग नव्हता. पाढा म्हणताना पुढची ओळ ठाऊक असावी, तसा तो चेहरा होता.

"भिवाजी," ते म्हणाले, "मापात फरक वाटायलाय मला. घटकाभर दम धरा."

भिवाजी माणूस वाईट नव्हता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं. "ऊन चढायलंय मास्तर," तो सरांना म्हणाला. "दुपारच्या आत उरका म्हनून लिवलंय. ह्या मास्तरनं मोजलंय की." आणि त्यानं आपला म्होरका मेंढा पुढे ओढला.

पहिला तो मेंढा गेला. शिंगं वर धरून, फुरफुरत, उतार चढून बाहेर. लोक हसले. मागोमाग भिवाजीची एक मेंढी गेली.

सर वाद घालत बसले नाहीत. ते धुरपदाबाईकडे गेले. ती म्हातारी विधवा, चौदा मेंढ्यांची मालकीण, आदल्या दिवशी बायका पाणी भरत असताना हौदाच्या काठावर खडे घेऊन बसली होती. कुणी कामचुकारपणा करू नये म्हणून दर वीस घागरींना ती एक खडा टाकायची.

"धुरपदाबाई, किती घागरी झाल्या काल?"

"अकरा इसा. आन वर सा."

"नक्की?"

"माज्या मोजन्यात फरक निगत न्हाई."

तिसरी मेंढी आत पडली. सर खाली बसले आणि बोटानं धुळीत आकडे मांडायला लागले. गावातली पितळी घागर पंधरा लिटरची भरते, हे त्यांनी पोरांकडून कधीच मोजून घेतलं होतं. म्हणजे अर्ध्या घनफुटाला जरा जास्त. दोनशेसव्वीस घागरी म्हणजे एकशेवीस घनफूट. चौथी मेंढी आत पडली. सरांनी मान वर केली. इतर कुणाकडे नाही, माझ्याकडेच बघत ते म्हणाले, "एकशेब्याण्णव घनफुटाला तीनशेबासष्ट घागरी लागल्या असत्या, सर."

त्या माळावर या वाक्याचा अर्थ फक्त दोन माणसांना कळत होता. ते ओरडून सांगू शकले असते, बामणी अक्कल चुकली म्हणून मला चारचौघांत धुऊन काढू शकले असते. ते नुसते बघत राहिले. पाचवी मेंढी काळ्या तोंडाची होती, धुरपदाबाईची. ती आडवी पडली, डोकं पाण्याखाली गेलं, खोकत वर आली.

"थांबवा," मी म्हणालो. पुन्हा म्हणालो, "भिवाजी, थांबवा. माझा हिशोब चुकलाय. औषध दीडपटीवर गेलंय."

मग जे झालं ते सरांनी केलं. पाचही मेंढ्यांना विहिरीवर नेऊन स्वच्छ पाण्यानं धुवायला लावलं. घागरी विषाच्या पाण्यात बुडवू दिल्या नाहीत, तेलाचे पंधरा लिटरचे रिकामे डबे मागवले. विहिरीपासून लांब मुरमाड जागी पाच फूट लांब, तीन रुंद, तीन खोल खड्डा खणायला सांगितला, आणि वर हातभर जास्त. जास्तीची सहा मापं बाहेर जावीत म्हणून हौदातलं पंचेचाळीस घनफूट पाणी काढायचं होतं. बरोबर पंच्याऐंशी डबे. डबे भिवाजीच्या पोरांनी ओतले, खडे धुरपदाबाईनं मांडले. मग तेवढंच स्वच्छ पाणी. हे सगळं सर हौदापासून एक पाऊल लांब उभे राहून सांगत होते आणि लोक निमूटपणे करत होते. मघाचा तो पोरगा सगळ्यांत जास्त डबे वाहत होता. त्याला कुणी काही बोललं नाही, सरांनीही नाही.

धुतलेल्या पाच मेंढ्या लिंबाच्या सावलीत बांधल्या होत्या. बाकीच्यांना आत सोडायच्या आधी सर त्यांच्याकडे बघत उभे राहिले, आणि सरांसोबत सगळं गाव. एवढी शांतता मी परीक्षेच्या खोलीतसुद्धा ऐकलेली नाही. मेंढा रवंथ करायला लागला. दुसरीनं आणि तिसरीनं पाला खाल्ला. चौथी लटपटत होती, ती तासाभरानं सावरली. पाचवीच्या तोंडाला फेस आला, पाय झाडायला लागली आणि ऊन कलायच्या आत मेली. ती हौदातलं पाणी प्यायली होती. चौथ्या मेंढीलाच मी तोंड उघडलं असतं तर ती आत गेलीच नसती. हे गणित करायला मला कागद लागला नाही.

दहा मापांच्या पाण्यातून बाकीचा कळप संध्याकाळपर्यंत सुखरूप बाहेर आला. सर मला म्हणाले, "चला," आणि धुरपदाबाईच्या वाघरीपाशी घेऊन गेले. तिथं मला पुढे करून स्वतः मागे थांबले. मी काहीतरी बोललो, काय ते आठवत नाही. म्हातारीनं ऐकून घेतलं. "मेली ती मेली," ती म्हणाली. "दोन वरीस पाजलं होतं तिला हातानं. फुडल्या टायमाला आदी बाईमानसाला इचारीत जावा, किती पानी वतलं म्हनून." मग डोळ्यांना पदर लावून उरलेल्या तेरा मेंढ्यांचं पाणी बघायला उठली.

पुढच्या दोन वर्षांत सरांनी या दिवसाचा एकदाही उल्लेख केला नाही. मी मात्र त्यांच्या तासाला वर्गाच्या मागच्या बाकावर जाऊन बसायला लागलो. मास्तरांच्या खोलीत कुणी नक्कल सुरू केली की उठून जायचो. माझ्या हवेशीर खोलीची अर्धी जागा मी त्यांना देऊ केली तेव्हा ते हसून म्हणाले, "नकाशांची सवय झाली आता." तो नकार होता आणि तो मला पोचला. मग त्यांची बदली पूर्णेकडे झाली. निघताना एसटीच्या पायरीवरून त्यांनी ती बाभळीची चिती माझ्या हातात दिली. मी काही बोलायच्या आत कंडक्टरनं घंटी मारली. बोलायला दोन वर्षं होती माझ्याकडे, एसटीला काय दोष द्यायचा?

मी तेहतीस वर्षं शिकवलं. दर वर्षी चितीचा धडा आला की हौदाची गोष्ट सांगायचो. माझा हिशोब चुकला होता, हेही सांगायचो, मोठेपणा म्हणून. कळल्यावर मी किती वेळ गप्प होतो, हे मात्र वगळायचो. सूत्रात ते कुठं बसतं, अशी मी माझी समजूत घालायचो.

निवृत्तीनंतर एका जुन्या विद्यार्थ्याकडून सर गेल्याचं कळलं, तेही महिन्यानं. मी पूर्णेला गेलो. दार त्यांच्या मुलीनं उघडलं. हौदाच्या वर्षी ती दोन वर्षांची असेल, आता तिथल्याच शाळेत शिकवत होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर, बाबासाहेबांची, आणि शेजारी सरांचा फोटो, हार घातलेला. मी नाव सांगितलं तशी ती म्हणाली, "म्हणजे मेंढ्यांचे सर तुमीच ना? बाबा तुमचं लय सांगायचे. म्हणायचे, त्या दिवशी मेंढ्या तुमच्यामुळं वाचल्या. भर लोकांत तुमी चूक कबूल केली नसती, तर माझं कोण ऐकणार होतं?"

मला बसवेना. तीस-पस्तीस वर्षं अडकलेलं एकदम बाहेर आलं. मी म्हणालो, "ताई, ते अर्धंच आहे. त्यांनी विचारल्या क्षणी मला कळलं होतं. पाच मेंढ्या आत जाईपर्यंत मी तोंड उघडलं नाही. ते माझ्याकडे बघत होते आणि मी गप्प होतो. पाचवी मेली."

तिनं मला खुर्ची दिली. तांब्याभांडं पुढं ठेवलं.

"तेबी सांगायचे बाबा," ती म्हणाली. "म्हणायचे, मी मेंढ्या मोजायलो होतो. पाचवीला ते बोलले. मला तर वाटलं होतं, बोलणारच न्हाईत."